गव्हाचा क्रॉस हाताने कसा करायचा: पालक निवडण्यापासून एफ१ची खात्री होईपर्यंत

ओंबीत दाणे भरले म्हणजे क्रॉस झाला, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. गहू स्वतःचं परागण स्वतःच करतो, बऱ्याच वेळा फूल नीट उघडायच्या आतच पराग सांडून गेलेले असतात, त्यामुळे तीनपैकी एक परागकोष आत राहिला किंवा चिमट्यात फुटला तरी दाणा भरतोच, फक्त तो मादीचा स्वतःचा दाणा असतो. आणि दिसायला तो खऱ्या क्रॉसच्या दाण्यापेक्षा काही वेगळा नसतो. मग तोच एफ१ (क्रॉसची पहिली पिढी) म्हणून पेरला जातो, त्याचा एफ२ (एफ१ च्या स्वतःच्या परागातून आलेली दुसरी पिढी) काढला जातो, निवड सुरू होते आणि हंगाम वाया गेल्यावर कळतं की पॉप्युलेशनमध्ये काही फुटतच नाहीये, म्हणजे पालकांची लक्षणं वेगवेगळी पडतच नाहीयेत. नवीन लोकांकडून हे परत परत होताना दिसतंय म्हणून पूर्ण क्रम लिहितोय. हे मुख्यतः ब्रेडच्या गव्हासाठी आहे, म्हणजे ४२ गुणसूत्रांच्या. ड्युरम गव्हाची (२८ गुणसूत्रं) ओंबी हाताळायची पद्धत तीच, पण ड्युरम आणि ब्रेडचा गहू एकमेकांत क्रॉस केला तर एफ१ ३५ गुणसूत्रांचा होतो आणि बराचसा वांझ निघतो, तो वेगळा विषय आहे.

१. पालक ठरवा, आणि पुराव्याची सोय आत्ताच करा

गुणवत्तेसाठी क्रॉस करताय तर आधी कशासाठी गहू हवाय ते ठरवा. ब्रेडला ताकदीची, ताणली तरी न तुटणारी कणीक लागते, बिस्किटाला मऊ दाणा आणि कमी ताकदीचं ग्लुटेन. "चांगल्या क्वालिटीचा गहू" असं काही नसतं.

ब्रेडसाठी पहिली नजर टाकायची ती मोठ्या ग्लुटेनिनांवर, म्हणजे ग्लुटेनमधल्या कणकेला ताकद देणाऱ्या प्रथिनांवर. ग्लू-ए१, ग्लू-बी१ आणि ग्लू-डी१ या त्यांच्या जीन्सच्या तीन जागा पहिल्या गटातल्या गुणसूत्रांच्या लांब बाजूवर आहेत. ग्लू-डी१ वर ५+१० ही प्रथिनांची जोडी असेल तर कणीक ताकदीची, २+१२ असेल तर साधारण कमकुवत. पेन यांच्या गुणपद्धतीत ५+१० ला ४ गुण आणि २+१२ ला २, तिन्ही जागांची कमाल बेरीज १०. दोन्ही पालकांचा हा प्रोफाइल हातात नसताना क्रॉस करू नका, कारण दोघांकडेही २+१२ असेल तर एफ२ मध्ये कितीही झाडं लावली तरी ५+१० येणार कुठून?

दुसरी गोष्ट दाण्याचा कडकपणा. ५डी गुणसूत्राच्या आखूड बाजूवर पिना आणि पिनबी ही दोन जीन्स आहेत, दोन्ही मूळ रूपात शाबूत असतील तर दाणा मऊ, एक जरी बिघडलेलं किंवा गायब असेल तर कडक. ड्युरममध्ये डी जीनोमच (५डी ज्यात येतं तो गुणसूत्रांचा संच) नाही म्हणून तो एवढा कडक. तिसरी गोष्ट राय या धान्याच्या (मोहरी नव्हे) गुणसूत्राचा गव्हात आलेला तुकडा, म्हणजे १बीएल.१आरएस ट्रान्सलोकेशन. रोगप्रतिकारासाठी हे खूप वाणांत आलेलं आहे पण कणीक चिकट करतं. पालकांपैकी एकात असेल तर एफ२ मध्ये ते वेगळं काढायची तयारी ठेवा.

आता पुराव्याची सोय. मादी अशी निवडा की तिच्याकडे एखादं रिसेसिव्ह (क्रॉसमध्ये झाकलं जाणारं), डोळ्याला दिसणारं लक्षण असेल आणि नराकडे त्याचं डॉमिनंट (वरचढ) रूप. सगळ्यात सोपं म्हणजे कोलिऑप्टाइलचा (कोंबाभोवतीच्या आवरणाचा) रंग: हिरव्या कोलिऑप्टाइलची मादी आणि लाल कोलिऑप्टाइलचा नर. उगवल्यावर काही दिवसांतच खरा एफ१ लाल दिसतो, स्वतःच्या परागातून झालेला हिरवा राहतो. किंवा कुसळवाली मादी आणि बी१ जीनमुळे बिनकुसळाचा झालेला नर, मग एफ१ ला कुसळं नसतात किंवा फक्त टोकं असतात. अर्थात यासाठी ओंबी येईपर्यंत थांबावं लागतं. यातलं काहीच जमत नसेल तर निदान ग्लुटेनिनचा एखादा पट्टा (जेलवर प्रथिनं वेगळी केल्यावर दिसणारी रेघ) असा शोधा जो नरात आहे आणि मादीत नाही.

सावधान: दाण्याचा लाल किंवा पांढरा रंग पुरावा म्हणून वापरू नका. साल आईची असते. पांढऱ्या दाण्याच्या मादीवर लाल नराचे पराग टाकले तरी क्रॉसचा दाणा पांढराच दिसणार.

तपासून घ्या: दोन पालकांमध्ये हायब्रिड नेक्रोसिसची जोडी तर नाही ना? एकात एनई१ जीन आणि दुसऱ्यात एनई२ जीन असेल तर एफ१ ची पानं जुन्यापासून सुरू होऊन वाळत जातात, आणि जोडी जोरदार असेल तर झाड ओंबी यायच्या आधीच मरतं. अशा वेळी मधे तिसरा पालक घ्यावा लागतो.

२. फुलोऱ्याची वेळ जुळवा

कागदावर उत्तम दिसणारे क्रॉस सगळ्यात जास्त इथेच फसतात. दोन पालकांच्या फुलोऱ्यात अंतर असेल तर एकच पेरणी करून चालत नाही. नर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा पेरा. नरच का, तर परागकण फार कमी वेळ जिवंत राहतात, उघड्यावर अर्धा तासही भरवशाचा नाही, पण मादीची कुक्षी (पराग झेलणारा फुलाचा भाग) काही दिवस थांबू शकते. म्हणून मादीची वाट नराने बघायची नसते, नर कायम तयार असायला हवा.

पालकांपैकी एक विंटर गहू (थंडी मिळाल्याशिवाय ओंबी न काढणारा) असेल तर त्याला थंडी द्यावीच लागते. अंकुरलेलं बी किंवा छोटी रोपं ४ ते ६ अंश सेल्सिअसला सहा ते आठ आठवडे ठेवा. ही पायरी चुकवली की झाड नुसतं फुटवे काढत बसतं, पोटरीला येतच नाही. दिवसाच्या लांबीचंही तसंच, दिवसाच्या लांबीला झाड कसं वागतं ते ठरवणाऱ्या पीपीडी जीन्सनुसार काही वाण लहान दिवसात खूप उशिरा येतात, तिथे दिवे लावून दिवस वाढवावा लागतो.

शक्य असेल तर मादी कुंडीत लावा. सावलीत नेता येते, टेबलावर ठेवून बसून काम करता येतं, आणि बसून केलेल्या कामात चुका खरंच कमी होतात.

३. हत्यारं मांडून ठेवा

बारीक टोकाचा चिमटा, छोटी धारदार कात्री, डोळ्याला लावायचं भिंग, ७० टक्के अल्कोहोल आणि कापूस, बटर पेपरच्या लांबट पिशव्या, क्लिपा, टॅग आणि पेन्सिल. पेन नको, पावसात आणि उन्हात शाई जाते, पेन्सिल टिकते. चिमट्याची दोन टोकं एकमेकांवर नीट बसतायत का बघा, वाकडं टोक असेल तर परागकोष धरला जात नाही, चिरडला जातो.

४. ओंबी निवडा

पूर्ण बाहेर आलेली सुंदर ओंबी निवडणं ही नवीन माणसाची हमखास चूक. ती बहुतेक उशीर झालेली असते. पोटरीतून अर्धी ते पाऊण बाहेर आलेली ओंबी बघा, मुख्य काडीची किंवा पहिल्या फुटव्याची, कारण तिथे फुलं मोठी आणि दाणा धरायची ताकद जास्त.

पण बाहेरून बघून ठरवू नका. गव्हात फुलोरा ओंबीच्या मधोमध सुरू होत नाही, मध्याच्या थोडा वर सुरू होतो आणि तिथून वर-खाली पसरतो. म्हणून सगळ्यात पुढे गेलेलं फूल तिथेच सापडतं, आणि तपासणी तिथलीच करायची. चिमट्याने एक फूल उघडा. परागकोष हिरवे असतील तर योग्य वेळ. हिरव्याला पिवळट झाक येऊ लागली असेल तर लगेच, आत्ता, उरकायचं. पूर्ण पिवळे असतील तर ती ओंबी सोडून द्या. परागकोष अगदी बारीक आणि पारदर्शक हिरवे दिसत असतील तर एक-दोन दिवस थांबा, इतक्या लवकर हात घातला तर अंडाशयाला इजा होते.

५. परागकोष काढा

इथे घाई नको. क्रम असा ठेवा:

(अ) ओंबीच्या तळाचे तीन-चार आणि टोकाचे दोन-तीन स्पाइकलेट (ओंबीवरचे फुलांचे छोटे गुच्छ) काढून टाका. ते मागे राहिलेले असतात आणि दाणा बारीक देतात.

(आ) उरलेल्या प्रत्येक स्पाइकलेटमधली मधली फुलं चिमट्याने धरून वर ओढा, एका झटक्यात निघतात. बाहेरची दोन फुलं ठेवायची, बस. मधली फुलं लहान असतात, नंतर उमलतात, आणि राहून गेली तर तुम्ही पिशवी बांधल्यावर आतल्या आत पराग सोडतात. चुकीचा दाणा सगळ्यात जास्त वेळा येतो तो या विसरलेल्या मधल्या फुलामुळे.

(इ) उरलेल्या फुलांचा वरचा तिसरा भाग कात्रीने कापा, कुसळं त्याच्याबरोबर जातात. कापताना कात्रीला पिवळी भुकटी लागली तर ओंबी टाकून द्या, पुसून पुढे जाऊ नका. परागकोषांची हिरवी टोकं कापली जात असतील तर तुम्ही फार खाली कापताय.

(ई) ओंबीची एक बाजू घ्या, वरून खाली या. प्रत्येक फुलातून परागकोष काढा आणि मोजा: तीन. दोन सापडले तर तिसरा आत आहे, हे धरूनच चाला. तो बहुतेक वेळा कुक्षीच्या मागे चिकटलेला असतो. कुक्षीच्या दोन पिसासारख्या फांद्यांना चिमटा लागू देऊ नका. एक बाजू पूर्ण झाली की ओंबी फिरवा आणि दुसरी बाजू घ्या. अधूनमधून दोन्हीकडे करायला गेलं की एखादं फूल सुटतंच.

(उ) एखादा परागकोष फुटला, पराग दिसले, तर ते फूलच काढून टाका आणि चिमटा अल्कोहोलने पुसून वाळू द्या. ओला चिमटा पुढच्या फुलात घालायचा नाही, अल्कोहोल कुक्षीलाही मारतं.

(ऊ) लगेच पिशवी, लगेच टॅग. टॅगवर मादीचं नाव आधी, मग गुणिलेची खूण, मग नराचं नाव, परागकोष काढल्याची तारीख आणि तुमची आद्याक्षरं. पिशवीचं तोंड काडीवर घट्ट बसलं पाहिजे, आणि शक्यतो आत ध्वजपानाचा थोडा भाग घ्या म्हणजे वाऱ्यात ओंबी मोडत नाही.

तपासून घ्या: प्रत्येक मादी वाणाची एक ओंबी अशी ठेवा जिचे परागकोष काढले, पिशवी घातली, पण पराग दिलेच नाहीत. ती रिकामी राहिली तर तुमचा हात चांगला आहे. तिच्यात दाणे आले तर बाकीच्या ओंब्यांतही तसेच दाणे आहेत, आणि प्रमाण किती याचा अंदाजही तिथेच मिळतो. एवढी एक ओंबी ठेवायला लोक कंटाळतात, पण माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगी ओंबी तीच.

६. थांबा, पण रोज बघा

साधारण दोन ते चार दिवस. गरम हवेत दोन, थंडीत चार किंवा त्याहूनही जास्त. कॅलेंडरवर नाही तर कुक्षीवर लक्ष ठेवा: सुरुवातीला तिच्या फांद्या एकमेकींना चिकटून सरळ उभ्या असतात, तयार झाली की पिसासारख्या फुलून बाजूला पसरतात. कापलेल्या तुसांच्या मधून हे भिंगाशिवायही दिसतं. फुलायच्या आधी पराग टाकले तर ते नुसते वाया जातात, आणि कुक्षी सुकून तपकिरी व्हायला लागली तर उशीर झाला.

७. पराग द्या

वेळ सकाळची, दव वाळल्यावर. ओल्या ओंबीवर काम करू नका, पाणी लागलेले परागकण फुटतात. तापमान ३० अंशांच्या वर जायला लागलं की परागांचा भरवसा झपाट्याने कमी होतो, म्हणून दुपारी करू म्हणणं सोडा.

नराची ओंबी अशी हवी जिच्यात मध्यावरच्या भागात दोन-चार परागकोष नुकतेच बाहेर आलेत आणि बाकीचे आत पिवळे आहेत. बाहेर लोंबणारे पांढरे परागकोष रिकामे असतात, ते कुक्षीवर घासण्यात काही अर्थ नाही, तरी लोक घासतात.

पद्धती दोन. पहिलीत पिवळा, फुटायच्या बेतात असलेला परागकोष चिमट्याने काढून एकेका फुलात कुक्षीवर टेकवायचा. वेळ खूप लागतो पण नर कमी असेल तर हीच बरी. दुसरी जोरात चालते: नराच्या ओंबीची फुलं वरून कापा, ओंबी उन्हात काही मिनिटं धरा, तंतू लांबून परागकोष भराभर वर येताना दिसतात. मादीच्या पिशवीचं वरचं टोक कापा, नराची ओंबी उलटी करून आत घाला आणि काडी बोटांत धरून गरगर फिरवा, म्हणजे पराग वरून खाली सगळ्या कापलेल्या फुलांत पडतात. पिशवी परत दुमडून क्लिप लावा, टॅगवर पराग दिल्याची तारीख टाका. दुसऱ्या दिवशी परत एकदा केलंत तर दाणे वाढतात, विशेषतः कुक्षी थोडी मागे-पुढे असेल तर.

सावधान: नर बदलला की चिमटा, कात्री आणि हात तिन्ही पुसा.

८. पुढचे आठवडे

पाच-सहा दिवसांनी पिशवीत डोकावा. अंडाशय फुगून हिरवा व्हायला लागला तर दाणा धरला. जी फुलं परत एकदा रुंद उघडून तशीच राहिलीत त्यांना पराग मिळाले नाहीत. पिशवी काढणीपर्यंत ठेवली तरी चालते पण दमट हवेत आत बुरशी येते, तिथे दाणा धरल्यावर काढून जाळीची पिशवी घाला. पाण्याचा ताण आणि उष्णता या काळात दाण्याला लगेच सुकवतात, मोजकेच दाणे आहेत हे लक्षात ठेवून पाणी द्या.

काढणी हाताने, ओंबी पूर्ण वाळल्यावर, प्रत्येक ओंबी वेगळ्या पाकिटात टॅगसकट. तुसं कापल्यामुळे क्रॉसचे दाणे बारीक आणि सुरकुतलेले असतात. ते खराब म्हणून फेकू नका, बहुतेक उगवतात. उलट एका ओंबीत सगळे बारीक आणि दोनच दाणे टपोरे असतील तर मी त्या दोघांवर आधी संशय घेईन. ताजं बी लगेच पेरायचं असेल तर ओल्या कागदावर चार-पाच दिवस ४ अंशाला ठेवा, सुप्तावस्था तुटते.

९. एफ१ खरा आहे का, हे सिद्ध करा

कोलिऑप्टाइलचा रंग वापरत असाल तर मादीचं शुद्ध बी आणि नराचं बी शेजारी पेरा, तुलनेशिवाय रंग ठरवू नका, कारण उजेड आणि तापमानाने लालसरपणा कमी-जास्त होतो.

ग्लुटेनिन बघायचं असेल तर अर्ध्या दाण्याची पद्धत आहे आणि ती फार छान आहे: दाणा आडवा कापायचा, केसाळ टोकाचा अर्धा भाग प्रथिनासाठी, अंकुराचा अर्धा भाग पेरणीसाठी. जेलवर दोन्ही पालकांचे पट्टे दिसले तर दाणा खरा. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, दाण्यातल्या पिठाळ भागात आईच्या जीनोमच्या दोन प्रती आणि बापाची एकच असते, म्हणून नराचा पट्टा फिका येतो. फिका म्हणून दाणा बाद करू नका. पट्टा अजिबात नसेल तेव्हाच बाद.

डीएनए मार्करची (जीन ओळखायच्या डीएनएवरच्या खुणेची) सोय असेल तर रोपाच्या पानावरून करा, तिथे प्रतींचा हा घोळ नाही. जो दाणा खोटा निघेल तो लगेच वहीत खोडा, "असू दे बघू" म्हणून ठेवला की तो पुढे मिसळतो.

१०. कोणता दाणा कोणत्या पिढीचा

ही चूक अनुभवी लोकांकडूनही होते. एफ१ च्या झाडावर जे दाणे येतात त्यांची साल एफ१ ची, पण आतला अंकुर आणि पिठाळ भाग एफ२ चा. म्हणजे एका झाडाच्या ओंबीतच ग्लू-डी१ चं १:२:१ फुटलेलं असतं. ते सगळे दाणे एकत्र दळून सेडिमेंटेशन (द्रावणात पीठ किती फुगून खाली बसतं त्यावरून ग्लुटेनची ताकद बघायची चाचणी) केलंत तर आकडा मिश्रणाचा येतो, त्यावरून झाड निवडणं चुकीचं. सालीचा रंग मात्र एक पिढी मागे चालतो, तो एफ२ च्या झाडांवर आलेल्या दाण्यांत वेगळा पडताना दिसतो.

म्हणून एफ२ मध्ये मार्कर किंवा अर्धा दाणा वापरा, आणि पिठाच्या चाचण्या लाइन (एका झाडापासून पुढे नेलेली पिढ्यांची साखळी) बऱ्यापैकी स्थिर झाल्यावर करा. सेडिमेंटेशन थोड्या पिठात होतं म्हणून आधी ते, नंतर १० ग्रॅम पिठाचा मिक्सोग्राफ, आणि ५० किंवा ३०० ग्रॅमचा फॅरिनोग्राफ शेवटच्या मोजक्या लाइनींसाठी (दोन्ही यंत्रं कणीक मळताना तिची ताकद मोजतात).

किती झाडं लावायची? एकाच जागेचं शुद्ध रूप हवं असेल तर ते चारात एक पडतं, ९५ टक्के खात्रीने निदान एक मिळायला ११ झाडं लागतात. दोन जागा असतील तर सोळात एक, ४७ झाडं. तीन जागा, चौसष्टात एक, १९१ झाडं. हे फक्त एक मिळण्यासाठी, आणि त्या एकावर तांबेरा आला किंवा ते लोळलं तर संपलं, म्हणून याच्या काही पट लावा.

सावधान: प्रथिनांची टक्केवारी एकटी बघून निवड करू नका. उत्पन्न घटलं की टक्केवारी आपोआप वाढते, सुरकुतलेल्या दाण्यात तर हमखास. रानटी एमर गव्हामधून आलेल्या जीपीसी-बी१ सारख्या जीनने प्रथिनं खरोखर वाढतात, त्याच्याबरोबर जस्त आणि लोहही, पण पानंही लवकर पिवळी पडतात, म्हणून तिथेही दाण्याचं वजन सोबत मोजा. नायट्रोजनवरून प्रथिनं काढताना गव्हासाठी ५.७ ने गुणा, ६.२५ ने नाही, नाहीतर दुसऱ्या लॅबच्या आकड्यांशी तुलनाच होत नाही. आणि दोन लाइनींची तुलना एकाच शेतातल्या, एकाच हंगामातल्या, सारखंच खत दिलेल्या दाण्यांवर करा, शेजारी दोन्ही पालक लावून.

एफ२ चं सगळं बी एकाच वेळी पेरू नका. निम्मं पाकिटात, कोरड्या आणि थंड जागी, टॅगची नक्कल आत टाकून.